स्टेडियम उभे राहिले, संघाचे काय?

२९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्यात स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषक स्पर्धेतील एक सामना झाला. प्रथम फलंदाजी करणारा केनियाचा संघ १६६ धावांत बाद झाला, तेव्हा सामना केवळ उपचार म्हणून उरला आहे, असाच बहुतेकांचा समज झाला असणार. पण दोन वेळा विश्वचषक जिंकलेल्या वेस्ट इंडिजचा डाव अवघ्या ९३ धावांत कोसळला. क्रिकेटच्या इतिहासातील सर्वांत आश्चर्यकारक निकालांमध्ये या सामन्याची गणना होते. पुण्याच्या जुन्या क्रिकेटरसिकांच्या बोलण्यात तो दिवस अद्यापही येतो.

या आठवणीतील एक विसंगती मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नेहरू स्टेडियमचा सर्वांत गाजलेला दिवस दोन परक्या संघांनी गाजविला. ज्या संघाचे हे घरचे मैदान, तो महाराष्ट्राचा संघ त्या वेळी काय करीत होता, हे विचारले तर सांगता येणारे थोडेच निघतील. मांडव आपला आणि लग्न दुसऱ्याचे, असा हा प्रकार. आपल्याकडील बहुतेक स्टेडियमांची कथा याहून फारशी वेगळी नाही. ती कोणासाठी बांधली जातात, कोण वापरतो, त्यांचा खर्च कोण सोसतो आणि त्यांतून खेळाच्या पदरात नेमके काय पडते, हे प्रश्न क्रीडाविषयक म्हणून बाजूला सारले जातात. वस्तुतः ते अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत आणि कर भरणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचा संबंध आहे.

नाव राज्याचे, संघ प्रदेशाचा

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. क्रिकेटच्या नकाशात महाराष्ट्र राज्याचे तीन तुकडे आहेत. मुंबई व तिच्या परिसराचा मुंबई संघ, नागपूर केंद्र असलेला विदर्भ संघ आणि उरलेल्या प्रदेशाचा महाराष्ट्र संघ. पुणे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा, खानदेश एवढ्या विस्तीर्ण मुलखाचा हा संघ आहे. नाव संपूर्ण राज्याचे असले तरी तो प्रादेशिक संघ आहे. मुंबईच्या बेचाळीस रणजी विजेतेपदांच्या सावलीत त्याची उंची नेहमीच कमी भासत आली.

ही उंची पूर्वी कमी नव्हती. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापक. पहिल्या विजयाच्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्याच काळात विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि रणजी स्पर्धेत त्रिशतक करणारे ते पहिले फलंदाज ठरले. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा त्या वेळचा जागतिक विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या असताना प्रतिस्पर्धी संघाने मैदान सोडले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे.

या पराक्रमांच्या काळात पुण्यात आजच्या अर्थाने स्टेडियम नव्हते. जिमखान्यांची आणि क्लबांची साधी मैदाने होती, भोवती झाडे होती, तंबू होते आणि खेळाचे वेड होते. पुढे महानगरपालिकेचे नेहरू स्टेडियम आले, आणि २०१२ साली शहराबाहेर गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्वतःचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियम उभे राहिले. विजेतेपद मात्र १९४०-४१ नंतर एकदाही परत आले नाही. १९७०-७१ मध्ये मुंबईकडून, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून अंतिम सामन्यात पराभव पत्करावा लागला. मैदानावर सिमेंट वाढत गेले त्या प्रमाणात फळ्यावर यश वाढले नाही, एवढे तर हा इतिहास निश्चितपणे सांगतो.

स्टेडियममुळे संघ बिघडला, असा याचा अर्थ काढणे तर्कदुष्ट होईल. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकविले जाते. पण स्टेडियम झाले की संघ आपोआप सुधारतो, हा जो उलट समज प्रत्येक पायाभरणी समारंभात ऐकू येतो, त्याला मात्र या इतिहासात कोणताच आधार सापडत नाही.

पालिकेचे मैदान आणि पासांचे राजकारण

नेहरू स्टेडियम हे बहुउद्देशीय क्रीडांगणाचे नमुनेदार उदाहरण होय. मालकी महानगरपालिकेची, जागा शहराच्या मध्यभागी, एस.टी. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आसने सुमारे पंचवीस हजार. डिसेंबर १९८४ मध्ये येथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. दिलीप वेंगसरकरांनी १०५ धावा काढल्या, पण माइक गॅटिंगच्या नाबाद ११५ धावांनी इंग्लंडने सामना जिंकला. नोव्हेंबर २००५ मध्ये श्रीलंकेविरुद्ध झालेला सामना येथील शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

बहुउद्देशीय क्रीडांगणाच्या मुळाशी असलेली कल्पना शहाणपणाची आहे. शहरात जमीन दुर्मीळ आणि महाग. एकाच जागेवर अनेक उपयोगांचा भार टाकला तर प्रत्येक उपयोगाच्या वाट्याला येणारा स्थिर खर्च कमी होतो. सकाळी धावणारी मुले, दुपारी शालेय स्पर्धा, रविवारी कचेऱ्यांचे संघ आणि वर्षातून काही दिवस मोठा सामना असा वापर झाला तर नागरिकांच्या पैशाचे चीज होते. क्रिकेटचा स्वभाव मात्र असा की त्याला खेळपट्टी लागते आणि खेळपट्टीला विश्रांती लागते. जेथे सभा, प्रदर्शने आणि मेळावे यांसाठी मांडवाचे खांब रोवले जातात, तेथे हिरवळ टिकत नाही. अनेक उद्देश एकत्र नांदवावयाचे तर त्यांचे काटेकोर वेळापत्रक, जबाबदार व्यवस्थापन आणि देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद यांची गरज असते. आपल्या नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत बांधकामाला उत्साहाने पैसा मिळतो आणि देखभालीच्या रकान्यात जेमतेम आकडा पडतो, हे नव्याने सांगावयास नको.

पुण्यात मात्र संघर्ष पेटला तो खेळपट्टीवरून नव्हे, तर तिकिटे आणि पास यांवरून. मैदान पालिकेचे, सामना संघटनेचा. साहजिकच मोठ्या सामन्याच्या वेळी कोणाला किती पास, हा वाद उभा राहिला, आणि त्याचे पर्यवसान संघटनेने स्वतःचे स्टेडियम बांधण्यात झाले. मुंबईकरांना ही कथा परिचित आहे. ब्रेबोर्न स्टेडियमची मालकी असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात जागांच्या वाटपावरून असेच बिनसले. मग हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबोर्नवर कसोटी सामना परत येण्यास २००९ साल उजाडावे लागले. एकाच शहरात, चालत जाता येईल अशा अंतरावर, दोन स्टेडियम! गरीब देशाच्या भांडवलाचा असा विनियोग कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणारा नाही. पण त्यामागे खेळाची गरज नव्हती, समेटाचा अभाव होता. दोन सार्वजनिक संस्थांना एका टेबलाशी बसून तिकिटांचा प्रश्न सोडविता येत नसेल, तर त्याची किंमत अखेर सिमेंट आणि पोलाद यांच्या रूपाने मोजावी लागते.

गहुंजेचा हिशेब

गहुंजेचे स्टेडियम देखणे आहे, यात वाद नाही. इंग्लंडमधील नामवंत वास्तुरचनाकार मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने त्याचा आराखडा केला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कडेला, डोंगरांच्या पार्श्वभूमीवर ते उठून दिसते. प्रेक्षकक्षमता प्रारंभी सुमारे ३७ हजार होती. १ एप्रिल २०१२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०१२ मध्ये भारत-इंग्लंड टी-२० सामन्याने तेथील आंतरराष्ट्रीय क्रिकेट सुरू झाले.

आता वापराचा हिशेब पाहू. डिसेंबर २०१२ पासून जानेवारी २०२५ पर्यंत या स्टेडियमवर पुरुषांचे तीन कसोटी सामने झाले. ते अनुक्रमे तीन, चार आणि तीन दिवसांत संपले. एकूण दहा दिवस. बारा एकदिवसीय सामने, म्हणजे बारा दिवस. पाच टी-२० सामने, म्हणजे पाच संध्याकाळी. सारे मिळून सत्तावीस दिवस. या कालावधीत दिवस होते सुमारे ४,४००. अर्थात सरासरी १६० हून अधिक दिवसांमागे एक दिवस आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा. त्यांतही मार्च २०२१ मधील इंग्लंडविरुद्धचे तीन सामने साथीमुळे रिकाम्या आसनांसमोर खेळले गेले.

आयपीएलचे सामने या हिशेबात मिळविले तर चित्र थोडे सुधारते, पण त्यांचा भरवसा धरता येत नाही. पुण्याचे नाव घेऊन दोन संघ आले. पुणे वॉरियर्स २०१३ नंतर विसर्जित झाला. रायझिंग पुणे सुपरजायंट दोनच वर्षांच्या बोलीवर आला आणि २०१७ च्या अंतिम सामन्यात अवघ्या एका धावेने हरून निघून गेला. त्यानंतर २०१८ मध्ये चेन्नईचा संघ पाहुणा म्हणून आला. भाडेकरू बदलत राहिले, घरमालकाचे हप्ते मात्र कायम राहिले.

हप्त्यांची गोष्ट शब्दशः खरी आहे. स्टेडियमचे नाव एका उद्योगसमूहास सुमारे २०८ कोटी रुपयांच्या करारान्वये देण्यात आले होते. ठरलेली रक्कम पूर्ण हाती आली नाही आणि संघटनेस ते नाव उतरवावे लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लोढा समितीच्या शिफारशी मान्य होईपर्यंत राज्य संघटनांना नियामक मंडळाकडून मिळणाऱ्या निधीवर निर्बंध आणले. कर्ज फेडण्याचा एक प्रमुख झरा आटला. २०१८ मध्ये सुमारे ६९ कोटी रुपयांच्या थकबाकीपोटी कर्ज देणाऱ्या बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी जन्मलेली संस्था सावकाराच्या दारात उभी राहिली, हे दृश्य उत्साहवर्धक खासच नव्हते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले. २०१८ मध्ये पवना नदीचे पाणी गहुंजेच्या स्टेडियमसाठी पुरविण्यास त्याच न्यायालयाने मनाई केली. हिरवळीस लागणारे पाणी हा त्या दिवसांत केवळ क्रीडाविषयक तपशील राहिला नव्हता. वैकल्पिक खर्च म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस समजावून सांगण्यास याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. खेळपट्टीवर शिंपडलेल्या पाण्याची खरी किंमत पाणीपट्टीच्या बिलावर दिसत नाही. तेच पाणी ज्या हंड्यात पडले असते, त्या हंड्यात ती दिसते. आणि याच स्टेडियमवर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी वेळेवर मिळाले नाही आणि संघटनेस क्षमा मागावी लागली! ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप होतो, त्या सामान्य प्रेक्षकाचे स्थान कोठे आहे, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले.

दुसरी बाजू

स्टेडियमच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, आंतरराष्ट्रीय सामने मिळाल्याखेरीज संघटनेस उत्पन्न नाही आणि उत्पन्न नसेल तर जिल्ह्याजिल्ह्यांत खेळ वाढणार नाही. २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेतील पाच सामने पुण्याच्या वाट्यास आले, ते गहुंजे होते म्हणूनच. जानेवारी २०१७ मध्ये इंग्लंडने दिलेले ३५१ धावांचे आव्हान भारताने पार केले. त्या सामन्यात पुण्याच्याच केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. घरच्या प्रेक्षकांसमोर घरच्या मुलाने केलेला तो पराक्रम पाहून किती मुलांनी बॅट हाती धरली असेल, याची मोजदाद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगचे सामने येथे होऊ लागले आणि जिल्ह्यांतील तरुणांना दिव्यांच्या प्रकाशात, चांगल्या खेळपट्टीवर खेळता आले, हेही मान्य केले पाहिजे.

या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र क्रिकेटच्या अर्थकारणाचा मोहरा दरम्यानच्या काळात पालटला आहे, याकडे त्यात दुर्लक्ष होते. एके काळी संघटनेची मुख्य मिळकत दाराशी जमणाऱ्या तिकिटांच्या पैशांतून होई. तेव्हा आसने वाढविणे म्हणजे उत्पन्न वाढविणे, हे समीकरण रास्त होते. आज आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या केवळ प्रसारणहक्कांची विक्री ४८ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेस झाली. पैसा पडद्यावरून येतो, पायऱ्यांवरून नव्हे. घरबसल्या पाहणाऱ्या कोट्यवधींच्या तुलनेत तीस-चाळीस हजार आसनांचे आर्थिक महत्त्व गौण होत चालले आहे. अशा वेळी वर्षाकाठी दोन-चार दिवस भरणाऱ्या आसनांत भांडवल गुंतवून ठेवणे म्हणजे कालच्या बाजारपेठेसाठी आजचा कारखाना बांधणे होय.

आणि ज्या प्रादेशिक संघासाठी हे उत्पन्न हवे म्हणून सांगितले जाते, त्याचा अनुभव काय? स्टेडियमच्या उद्घाटनानंतरचा महाराष्ट्राचा सर्वोत्तम हंगाम २०१३-१४ चा. त्या हंगामात केदार जाधवने १,२२३ धावा काढल्या. महाराष्ट्राने उपान्त्यपूर्व सामन्यात मुंबईला वानखेडेवर हरविले, उपान्त्य सामना इंदूरला जिंकला आणि अंतिम सामना हैदराबादला खेळला. बाद फेरीचा एकही सामना घरच्या मैदानावर नव्हता. रणजी सामन्याला जमणारे प्रेक्षक तर कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर सहज मावतील एवढेच असतात. त्यांना सदतीस हजार आसनांची गरज नसते. त्यांना गरज असते ती जाण्यास सोयीचे मैदान, डोक्यावर सावली आणि प्यावयास पाणी यांची. पंचवीस किलोमीटर दूर, स्वतःच्या वाहनाखेरीज जाणे जिकिरीचे अशा ठिकाणी शाळेतून सुटलेला विद्यार्थी किंवा दुपारची रजा टाकलेला कारकून रणजी सामना पाहण्यास जाणार तरी कसा?

नागपूरचा धडा

याच राज्यातील दुसऱ्या प्रादेशिक संघाची कहाणी या संदर्भात उद्बोधक आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळतो. नागपुरात १९६९ पासून कसोटी सामने होत होते. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माने सलग तीन बळी मिळविले आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधील आपले एकमेव शतक झळकावले. नागपूरकरांनी दशकानुदशके जगातील उत्तमोत्तम खेळाडू पाहिले. पण विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव, आणि त्यासाठी २०११ साल यावे लागले. पाहण्याने खेळ वाढतो या समजुतीचा याहून स्पष्ट प्रतिवाद दुसरा नाही.

नागपूरनेही २००८ मध्ये जामठा येथे शहराबाहेर प्रचंड स्टेडियम बांधले. तेवढ्याने काही घडले नसते. त्याच्याबरोबर तेथे आणखी तीन गोष्टी झाल्या. शहरातील सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान स्थानिक व देशांतर्गत क्रिकेटसाठी चालू ठेवण्यात आले. लहान वयातील मुलांसाठी निवासी अकादमी सुरू झाली. आणि संघाच्या जडणघडणीवर विचारपूर्वक खर्च करण्यात आला. चंद्रकांत पंडितांसारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक आणि वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज यांची जोड स्थानिक तरुणांना मिळाली. २०१७-१८ मध्ये फैझ फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीस हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. तो सामना जामठ्यास नव्हे, इंदूरला झाला. पुढच्याच वर्षी, आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये, विदर्भ विजेता ठरला. साठ वर्षे उपेक्षेत काढलेल्या संघाने सात-आठ वर्षांत तीन करंडक घरी नेले. हे यश काँक्रीटमधील गुंतवणुकीचे नसून मनुष्यबळातील गुंतवणुकीचे आहे. विकासाच्या अर्थशास्त्रात यंत्रसामग्री आणि शिक्षण यांच्या तौलनिक महत्त्वाविषयी जी चर्चा वर्षानुवर्षे चालत आली आहे, तिचा निष्कर्ष मैदानावरही तोच निघावा, यात नवल नाही.

खेळाडू कोठे घडतात?

महाराष्ट्र संघाच्या प्रदेशाकडे पुन्हा वळून पाहिले तर हाच मुद्दा अधिक ठळक होतो. विजय हजारे सांगलीचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार स्मृती मानधना पुन्हा सांगलीचीच. तिघांच्या काळात पाऊणशे वर्षांचे अंतर आहे, पण एक समान सूत्रही आहे. एकाही खेळाडूला भव्य स्टेडियमच्या छायेत लहानपण मिळाले नाही. त्यांना मिळाले ते गावातले मैदान, घरच्यांचा पाठिंबा आणि शिकविणारे कोणीतरी.

दुसऱ्या बाजूस श्रीरामपूरचा झहीर खान आहे. भारताच्या थोर जलदगती गोलंदाजांत ज्याची गणना होते, त्याने खेळासाठी मुंबईची वाट धरली आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले ते बडोद्याकडून. विजय हजारेही पुढे बडोद्याचेच झाले. तेथील संस्थानने खेळाडूस उपजीविका दिली होती. महाराष्ट्राच्या प्रदेशात गुण जन्मास येतो, पण त्याला धरून ठेवणारी साखळी नाही. पाऊस कमी पडतो असे नाही, तलाव गळका आहे.

ही साखळी कोठून सुरू होते? शाळेच्या मैदानापासून. राज्याच्या क्रीडा धोरणात विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडासंकुले उभारण्याची योजना आहे, आणि ती तत्त्वतः स्वागतार्ह आहे. पण संकुलाची भिंत बांधून झाली, कोनशिला बसली, की यंत्रणेचे कर्तव्य संपते. मैदान राखणारा माळी, खेळ शिकविणारा शिक्षक आणि दिवाबत्तीचे बिल यांची तरतूद आवर्ती खर्चात मोडते, आणि आवर्ती खर्चाचे उद्घाटन करता येत नाही! क्रीडाशिक्षकाची जागा रिक्त ठेवून त्याच गावात प्रेक्षागृह बांधणे म्हणजे गुरुजी न नेमता शाळेला संगमरवरी जिना बसविण्यासारखे आहे.

मोजमाप बदलावे

तेव्हा उपाय स्टेडियम पाडण्याचा नाही आणि नवी न बांधण्याचाही नाही. जे उभे आहे त्याचे मोजमाप बदलण्याचा आहे. स्टेडियमची थोरवी त्याच्या आसनसंख्येवरून ठरविण्याची प्रथा सोडून, वर्षातील किती दिवस ते खेळासाठी उघडे राहिले आणि त्या दिवशी किती जण प्रत्यक्ष मैदानात उतरले, या दोन आकड्यांवरून ती ठरविली पाहिजे. हे दोन आकडे महानगरपालिकांनी आणि क्रिकेट संघटनांनी वर्षअखेर प्रसिद्ध करावेत. पैसा खर्च न होता अंमलात आणता येईल अशी ही सुधारणा आहे. कदाचित म्हणूनच ती कोणास सुचत नसावी.

दुसरे असे की पालिकेच्या मालकीची बहुउद्देशीय मैदाने आणि संघटनेच्या मालकीची खास मैदाने यांच्यातील वैर संपले पाहिजे. गहुंजे हे पंचतारांकित अतिथिगृह असेल, तर नेहरू स्टेडियमसारखी शहरातील मैदाने हे राहते घर आहे. मोठे सामने तेथे आणि रणजीपासून शालेय स्पर्धांपर्यंतचे क्रिकेट येथे, अशी वाटणी झाली तर दोहोंचे कल्याण आहे. पालिकेने खेळपट्टीची जबाबदारी करारान्वये संघटनेकडे द्यावी. संघटनेने मोबदल्यात शहरातील शाळांना ठरावीक दिवस विनामूल्य मिळण्याची हमी द्यावी. पासांचा प्रश्नही त्याच करारात, सामन्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर वर्षाच्या आरंभी मिटवावा.

तिसरे, महाराष्ट्राचा संघ पुण्यापुरता उरू नये. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यातील रणजी सामना झाला. सोलापूरकर ज्याला जिव्हाळ्याने पार्क मैदान म्हणतात, ते हे पालिकेचे मैदान. फार दिवसांनी त्या शहरातील मुलांनी आपल्या संघाचा रणजी सामना आपल्या गावात पाहिला. त्यास आंतरराष्ट्रीय थाट नव्हता, झगमगते दिवे नव्हते. पण सीमारेषेपाशी उभ्या असलेल्या खेळाडूशी चार शब्द बोलता येतील एवढे अंतर होते. खेळाची ओढ अशाच अंतरावरून लागते. असे सामने आळीपाळीने सांगली, कोल्हापूर, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर येथे नेण्यासाठी नवे कर्ज काढावे लागणार नाही. त्यासाठी थोडी चिकाटी आणि थोडी इच्छा पुरेशी आहे.

प्रा. देवधरांनी रणजी करंडक पुण्यास आणला, तेव्हा संघाकडे स्टेडियम नव्हते. आज स्टेडियम आहे आणि करंडक नाही. ऐंशीहून अधिक वर्षांच्या या जमाखर्चात तूट नेमकी कोणत्या खात्यात आहे, हे ओळखण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. गावातल्या शाळेच्या मैदानावर सायंकाळी एक चक्कर मारली, तेथे किती मुले खेळताना दिसतात आणि त्यांना शिकविणारा कोणी उभा आहे की नाही एवढे पाहिले, तरी ते खाते सापडेल.